बारा फ्लॅट, एक बॉयलर: सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका इमारतीचं प्रकरण

इमारत आउटर रिचमंडमधली. गोल्डन गेट पार्कच्या उत्तरेला, ओशन बीचवरून चालत येता येईल इतक्या अंतरावर. १९२० च्या दशकातला लाकडी सांगाडा, बाहेरून स्टकोचा गिलावा, खाली गॅरेज आणि वर तीन मजले. मजल्यावर चार, असे एकूण बारा फ्लॅट. दोन्ही शेजारच्या इमारती अगदी खेटून, त्यामुळे उघड्या बाजू दोनच: पुढची आणि मागची. मधल्या खोल्यांना उजेड मिळावा म्हणून एक अरुंद चौक सोडलेला. गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात गॅसवर चालणारा वाफेचा बॉयलर, आणि शेजारी बाराही बिऱ्हाडांना गरम पाणी पुरवणारी गॅसचीच टाकी.

पत्ता शोधू नका. हे प्रकरण त्या भागातल्या अशा बऱ्याच इमारतींवरून जुळवलेलं आहे. लोडचे, म्हणजे उष्णतेच्या गरजेचे, आकडे माझ्या अंदाजपत्रकातले आहेत, नियम आणि इतिहास मात्र शहराचे.

घरमालकांचा प्रश्न सरळ होता: बॉयलर जुना झालाय, नवा बॉयलर बसवू की हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं, उलट्या चालणाऱ्या एसीसारखं यंत्र? भाडेकरूंचे प्रश्न वेगळे होते. खालच्या मजल्यावर पुढच्या फ्लॅटमध्ये जानेवारीत स्वेटर उतरत नाही. सगळ्यात वर, मागच्या बाजूला, त्याच वेळी खिडक्या उघड्या. पहाटे पाइपांत हातोडा मारल्यासारखा आवाज होतो. शिवाय वरच्या मजल्यावर सप्टेंबरातले दोन-तीन दिवस असे येतात की घरात थांबवत नाही.

थंडी ती केवढी

सॅन फ्रान्सिस्कोची हवा कागदावर पाहिली तर वातानुकूलनाच्या इंजिनिअरला फारसं काम उरत नाही. जानेवारीतलं दिवसाचं सरासरी कमाल तापमान १४ अंशांच्या आसपास, ऑगस्टमधलं २० च्या आसपास. सगळ्यात उबदार महिने सप्टेंबर आणि ऑक्टोबर, कारण ऐन उन्हाळ्यात समुद्रावरून आलेलं धुकं शहरावर छत धरून बसतं. हिवाळ्यातल्या गरजेचा हिशेब बाहेर ४ अंश धरून केला तरी पुरतो. पाणी गोठण्याचे दिवस जवळपास येतच नाहीत.

त्यामुळे शंभर वर्षं या विषयाकडे कोणी गंभीरपणे पाहिलंच नाही. गरम करायला वाफ होती, गार करायला खिडकी. अमेरिकेतल्या मोठ्या शहरी भागांत ज्यांच्या घरात एसी आहे अशांचं प्रमाण सगळ्यात कमी असलेल्यांत हे शहर मोडतं. मग १ सप्टेंबर २०१७ ला शहरात पारा ४१ अंशांच्या वर गेला आणि जुना विक्रम मोडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तरेकडच्या ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्याचा धूर इतका दाट आला की शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ९ सप्टेंबर २०२० ला तर दिवसाढवळ्या आकाश नारिंगी झालं आणि लोकांनी दुपारी दिवे लावले. उकाड्यावर खिडकी हा उपाय होता, पण धुरात ती बंद ठेवावी लागते. दोन्ही एकदम आले की वरच्या मजल्यावरच्या माणसाने काय करायचं, याचं उत्तर या इमारतीकडे नव्हतं.

आता हिशेब. मधल्या मजल्यावरचा साधारण ७० चौरस मीटरचा फ्लॅट, एकेरी काचेच्या खिडक्या, भिंतीत इन्सुलेशन नाही. बाहेर ४ अंश आणि आत २० अंश धरले, फटींतून शिरणारी हवा मिळवली, तर उष्णतेची गरज येते २.३ किलोवॉट. घरात वापरायच्या एका मोठ्या गीझरएवढी. वरच्या मजल्यावर छपराखाली इन्सुलेशन नसल्याने हाच आकडा ४ च्या पुढे जातो. गॅरेजवरच्या मजल्याला फरशीतून जाणाऱ्या उष्णतेपोटी अर्धा किलोवॉट जास्त. सगळी इमारत मिळून ३७ किलोवॉटच्या आसपास.

जागेवरचा बॉयलर मात्र याच्या तिप्पट क्षमतेचा. खोल्यांतले रेडिएटर, म्हणजे वाफेने तापणारे लोखंडी सांगाडे, तेही तसेच दांडगे. १९१८ च्या फ्लूनंतर खिडक्या उघड्या ठेवूनही खोली गरम राहावी, या बेताने त्या काळी रेडिएटरांचे आकार ठरवले जात, असं वाफेच्या कामातले जुने जाणकार सांगतात. रेडिएटरांचा आकार पाहिला की ते पटतं.

एका पाइपची वाफ

इथली वाफेची व्यवस्था एकपाइपी आहे. ज्या पाइपने वाफ वर जाते त्याच पाइपने तिचं झालेलं पाणी उलट खाली येतं. पंप नाही, पंखा नाही, सगळं उतारावर चालतं. पाइपचा उतार बॉयलरकडे, रेडिएटरचा उतार आपल्या व्हॉल्व्हकडे. व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद; अर्धा ठेवला की वर जाणारी वाफ आणि खाली येणारं पाणी एकमेकांच्या अंगावर येतात. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला बोटाएवढा एअर व्हेंट असतो. वाफ यायच्या आधी आतली हवा तो फुसफुसत बाहेर सोडतो आणि वाफ पोचली की मिटतो. हे यंत्र चालतं त्या हवेच्या वाटेवर. हवा निघाली नाही तर वाफ शिरत नाही.

या इमारतीत मुख्य पाइपच्या शेवटचा मोठा व्हेंट गंजून कधीच बंद पडला होता. म्हणजे सगळी हवा बिचाऱ्या रेडिएटरांच्या छोट्या व्हेंटांतून निघायची. बॉयलरच्या जवळच्या, मागच्या फ्लॅटना आधी वाफ, पुढच्यांना उशिरा. थर्मोस्टॅट मागच्या जिन्यात, तिथे ऊब पोचली की बॉयलर बंद. पुढच्या फ्लॅटपर्यंत वाफ पोचेपर्यंत खेळ संपलेला.

यावर मधल्या काळात कोणीतरी बॉयलरचा दाब वाढवून ठेवला. दाब जास्त तर उष्णता जास्त, असा समज. प्रत्यक्षात दीड पीएसआयवरची (पीएसआय हे दाबाचं एकक) वाफ आणि पाच पीएसआयवरची वाफ यांच्या तापमानात पाच-सहा अंशांचाच फरक. मिळालं काय, तर गॅसचं बिल आणि खराब झालेले व्हेंट.

आणि हातोडा? त्याचं मूळ भूकंपात निघालं. म्हणजे भूकंपाच्या बंदोबस्तात.

१७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात, ६.९ तीव्रतेच्या, मरीना भागातल्या खाली गॅरेज आणि वर फ्लॅट अशाच इमारती गुडघ्यात मोडल्या. गॅरेजच्या मजल्याला दारंच दारं, आडवा जोर घेणारी भिंतच नाही. गॅस फुटून आगी लागल्या, पाण्याच्या लाइनी फुटलेल्या, शेवटी फिनिक्स नावाच्या अग्निशामक नौकेने खाडीतलं पाणी उपसून दिलं. २०१३ मध्ये शहराने सक्ती केली: १९७८ च्या आधीच्या, तीन किंवा जास्त मजल्यांच्या, पाच किंवा जास्त घरांच्या लाकडी इमारतींचा कमकुवत मजला मजबूत करायचा. त्यानुसार या गॅरेजात पोलादी चौकट उभी राहिली. काम चांगलं झालं. पण चौकटीचा एक खांब नेमका वाफेच्या मुख्य पाइपच्या वाटेत आला. प्लंबरने दोन जादा एल्बो टाकून पाइप वळवला, आणि वळवताना हातभर लांबीत उतार उलटा झाला. त्या खळग्यात पाणी साचतं. पहाटे बॉयलर पेटला की वाफ ते पाणी उचलून पुढच्या वळणावर आपटते. तो आवाज वरच्या फ्लॅटमध्ये ऐकू येतो.

त्याच कामात पाइपवरचं जुनं ॲस्बेस्टॉसचं आवरण कायदेशीरपणे काढलं, हे योग्यच, पण त्या जागी नवं आवरण घातलं नाही. उघडा लोखंडी पाइप गॅरेज तापवत बसला. इमारतीतली सगळ्यात उबदार जागा म्हणजे गाड्यांची.

माझी पहिली शिफारस म्हणून हीट पंपाची नव्हती. मुख्य व्हेंट बदला, उतार सरळ करा, पाइपवर फायबरग्लास चढवा, दाब दीड पीएसआयवर आणा, थर्मोस्टॅट पुढच्या बाजूला हलवा. नव्या बॉयलरच्या तुलनेत हा खर्च किरकोळ, आणि एका हिवाळ्यात निम्म्या तक्रारी मिटाव्यात. नवा बॉयलर बसवून यातलं काहीच मिटलं नसतं.

धुक्याबद्दल एक गैरसमज

कपाटामागे बुरशी धरते, ती धुक्याने, असं इथला प्रत्येक भाडेकरू सांगतो. डीह्युमिडिफायर घेऊन ठेवलेलीही घरं असतात. पण १२ अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची धुकट हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांवर येते. घराला ती मुळीच जास्त नाही. बुरशीचं खरं कारण थंड भिंत आणि आतली वाफ: आंघोळीची, भाताची, खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांची. बॉयलर सकाळ-संध्याकाळ धडाक्याने चालतो आणि मधल्या वेळात बाहेरची भिंत पुन्हा गार पडते. हळू पण सतत उष्णता देणारं यंत्र इथे जास्त उपयोगी. लहान हीट पंप नेमका तसा चालतो.

धुक्याचा खरा उपद्रव हीट पंपाला आहे. समुद्राजवळच्या धुक्यात मीठ असतं. त्याच्या बाहेरच्या कॉइलला, म्हणजे हवेतून उष्णता घेणाऱ्या भागाला, तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमचे पंख असतात. ओल्या मिठात ही जोडी जमली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पावसाने मीठ धुतलं जातं, पण इथे पाऊस हिवाळ्यात. मे ते सप्टेंबर धुकं रोज मीठ आणतं आणि धुवायला कोणी येत नाही. मालवण-रत्नागिरीत एसीच्या बाहेरच्या युनिटचा पत्रा हातात आलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको, पण तिथे निदान चार महिने आभाळ धुलाई करतं. इथे कॉइल लेप दिलेलीच घ्यावी लागते आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवावी लागते. देखभालीच्या करारात ही ओळ लिहून घ्या, नाहीतर कोणी धूत नाही.

गच्चीवर मोठं यंत्र का नको

कंत्राटदाराचा प्रस्ताव गच्चीवर मध्यवर्ती हीट पंप आणि तिथून प्रत्येक फ्लॅटमध्ये रेफ्रिजरंटच्या (उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याच्या) नळ्या, असा होता. कॅटलॉगमध्ये देखणा. माझा विरोध चार ठिकाणी होता आणि त्यात यंत्राच्या गुणवत्तेचा संबंध नव्हता.

भूकंपात जोर वजनाच्या प्रमाणात येतो आणि उंचीबरोबर वाढतो. कॅलिफोर्नियाच्या नियमानुसार नव्या वजनाने आडवा जोर घेणाऱ्या भागांवरचा ताण १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढला तर त्या भागांची नव्याने तपासणी आणि मजबुती आली. हीट पंप एवढे जड नसतात, पण टाक्या असतात. गच्चीवर यंत्र रबरी ठोकळ्यांवर नुसतं ठेवून चालत नाही, सांगाड्याला बोल्ट करावं लागतं. थरथर खाली जाऊ नये म्हणून स्प्रिंग घातल्या तर भूकंपात त्याच स्प्रिंगवर यंत्र उड्या मारतं, म्हणून उडी अडवणाऱ्या खास स्प्रिंगा लागतात. शिवाय शहराच्या नियमाप्रमाणे शेजारच्या हद्दीवर यंत्राचा आवाज मूळ शांततेपेक्षा ५ डेसिबलच्या वर जाता कामा नये, आणि अरुंद चौकात आवाज घुमतो. बारा घरांतल्या जुन्या प्लास्टरच्या भिंती फोडायच्या, भाडेकरू आत राहत असताना. त्याहून मोठी अडचण विजेची: अशा यंत्रासाठी इमारतीचं कनेक्शन वाढवावं लागतं आणि वीज कंपनीकडून ते वाढवून मिळायला इथे महिनोन्महिने जातात.

म्हणून मी हिशेब उलटीकडून मांडला. थर्मोमीटरपासून नाही, फ्यूजच्या पेटीपासून.

प्रत्येक फ्लॅटची पेटी जुनी आणि लहान. वायरिंग काही ठिकाणी अजून चिनीमातीच्या खुंट्यांवरून गेलेलं. इथे साधा विजेचा हीटर लावला तर मधल्या फ्लॅटच्या २.३ किलोवॉटला १२० व्होल्टवर १९ अँपिअर लागतात, म्हणजे १५ अँपिअरची लाइन बसलीच. पण हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो. तोच फ्लॅट ८०० वॉटच्या आत तापतो. साडेसहा अँपिअर. साध्या प्लगवर चालणारं यंत्र ऐन थंडीत अख्ख्या फ्लॅटला पुरतं, आणि ही गोष्ट शिकागोत किंवा बॉस्टनमध्ये शक्य नाही. इथल्या सौम्य हवेचा हा फायदा उठवायचा सोडून तिथल्या आकाराची यंत्रं इथे आणणं मला उधळपट्टी वाटते.

खिडकीच्या चौकटीवर खोगिरासारखी बसणारी, १२० व्होल्टवर चालणारी अशी यंत्रं आता मिळतात. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेने २०२२ मध्ये अशा ३०,००० यंत्रांसाठी ज्या दोन कंपन्या निवडल्या त्यांतली ग्रेडियंट ही सॅन फ्रान्सिस्कोचीच. यंत्राचा बाहेरचा भाग खिडकीच्या काठाखाली राहतो, काच वापरता येते. तेच यंत्र सप्टेंबरात उलटं चालून खोली गार करतं. धुराच्या दिवशी खिडक्या बंद ठेवून हे आणि एक बरा एअर प्युरिफायर, एवढ्यावर निभावतं.

राज्याचा नियम राहत्या खोलीत जमिनीपासून तीन फुटांवर ६८ अंश फॅरेनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस, राखण्याची क्षमता मागतो, त्यामुळे दिवाणखान्यातल्या एकाच यंत्रावर भागत नाही. फ्लॅटमागे दोन यंत्रं आणि प्रत्येकासाठी पेटीपासून नवी स्वतंत्र तार. वरच्या मजल्याला मात्र आधी छपराचं इन्सुलेशन: गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढच्या वेळी कराल तेव्हा. त्याने तिथली गरज ४.१ वरून २.५ किलोवॉटवर येते, आणि उन्हाळ्यातल्या त्या दोन-तीन दिवसांचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

गरम पाणी

घरमालकांचं सगळं लक्ष बॉयलरवर होतं. गॅस मात्र वर्षभर जाळत होती ती पाण्याची टाकी. अशा सौम्य हवेत बहुमजली इमारतींचा गॅस खोल्यांपेक्षा आंघोळीवर जास्त जातो.

बारा फ्लॅट, चोवीस माणसं, माणशी ५० लिटर गरम पाणी. पाणी ४० अंशांनी तापवायचं तर दिवसाला ५६ युनिट उष्णता, म्हणजे हीट पंपावर १९ युनिट वीज. सोळा तासांत पसरवली तर सव्वा किलोवॉटही नाही. कार्बन डायऑक्साइड हेच रेफ्रिजरंट म्हणून वापरणारे ४.५ किलोवॉटचे दोन हीट पंप आणि मोठी साठवण टाकी, एवढ्यात काम होतं. टाकी कुठे? गच्चीवर मुळीच नाही. हजार लिटर म्हणजे एक टन पाणी, ते जमिनीवर, गॅरेजच्या काँक्रीटला बोल्ट केलेलं. कॅलिफोर्नियात पाणी तापवण्याच्या साध्या टाकीलाही वरच्या आणि खालच्या तिसऱ्या भागात पट्टे बांधावे लागतात. मोठ्या टाकीच्या पायांचं स्वतंत्र गणित करून घ्यायचं. भूकंपानंतर पाण्याच्या लाइनी फुटलेल्या असतील तेव्हा टाकीतलं हे पाणी कामाला येतं, म्हणून तिच्या तळाला नळ बसवायला विसरायचं नाही.

पैसे कोणाचे

बॉयलरचा गॅस घरमालक भरतात, ऊब भाड्यात धरलेली. प्लगवरचं यंत्र भाडेकरूच्या मीटरवर चालणार. ही इमारत १३ जून १९७९ च्या आधीची, म्हणजे भाडे नियंत्रणाखालची. ऊब भाड्यातून काढून भाडेकरूच्या बिलात टाकली तर ती सोय कमी केली असं धरून भाडं कमी करण्याचा अर्ज भाडेमंडळाकडे जाऊ शकतो, आणि तो रास्त आहे. मी दोन मार्ग सुचवले: यंत्रांच्या तारा इमारतीच्या सामायिक मीटरवर घ्या, किंवा लेखी ठरवून भाड्यात सूट द्या. घरमालकांना पहिला आवडला नाही, कारण मग उन्हाळ्यातल्या गारव्याचंही बिल त्यांचंच. मला तोच पसंत, कारण वीज इथे महाग आहे आणि तिप्पट कार्यक्षमता असूनही गॅसपेक्षा बिल फार कमी होईलच, अशी खात्री देता येत नाही. सहा किंवा जास्त घरांच्या इमारतीत सुधारणेच्या खर्चाचा निम्माच भाग भाड्यावर चढवता येतो, तोही ठरलेल्या मर्यादेत.

घड्याळ मात्र चालू आहे. बे एरियाच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या भागाच्या, हवा-गुणवत्ता मंडळाने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नियमांनुसार या आकाराचे नवे बॉयलर आणि मोठे वॉटर हीटर २०३१ पासून नायट्रोजन ऑक्साइड न सोडणारेच, म्हणजे व्यवहारात गॅस न जाळणारेच, बसवता येतील. लहान घरगुती वॉटर हीटरची तारीख २०२७. चालू यंत्र काढा असं कोणी म्हणत नाही. पण बॉयलर मोडतो तो जानेवारीतल्या शुक्रवारी संध्याकाळी, आणि तेव्हा जो मिळेल तो बसवला जातो.

म्हणून क्रम असा ठरला: आधी वाफेची दुरुस्ती, मग गरम पाणी, मग मागच्या आणि चौकाकडच्या फ्लॅटमध्ये खिडकीची यंत्रं, रिकामा होईल तो फ्लॅट आधी. अडलंय ते पुढच्या बाजूला. तिथल्या काही खिडक्या आगीच्या वेळी बाहेर पडायच्या लोखंडी जिन्यावर उघडतात, त्या अडवता येत नाहीत. दुसऱ्या काही खिडक्यांना मूळ वर-खाली सरकणाऱ्या लाकडी तावदानांच्या जागी ॲल्युमिनियमच्या आडव्या सरकत्या चौकटी बसवल्यात, त्यांवर खोगीर बसत नाही. खिडक्या बदलायच्या तर रस्त्यावरून दिसणारी बाजू म्हणून शहराच्या नियोजन खात्याची परवानगी आली. तोपर्यंत चार पुढच्या फ्लॅटसाठी तोच बॉयलर चालवायचा, आणि आठ घरांचे रेडिएटर तोडल्यावर तो त्या चारांसाठी भलताच मोठा ठरून दर काही मिनिटांनी पेटत-विझत राहणार. बर्नर लहान करता येतो का, याचं उत्तर बॉयलरच्या नावपट्टीवरून मिळेना. उत्पादकाकडे विचारणा गेली आहे.